बर्फातले विरजण

ग्वाल्हेरच्या झाशी रोडवर संरक्षण संशोधन व विकास आस्थापना आहे. गावात तिला सगळे डीआरडीई म्हणतात. जिवाजीराव शिंदे यांच्या नावाच्या औद्योगिक संशोधन प्रयोगशाळेतून ती वाढली आणि १९७३ मध्ये स्वतंत्र झाली. रासायनिक आणि जैविक हल्ल्यांपासून बचाव हे तिचे मुख्य काम. पण सामान्य ग्वाल्हेरकराला ती एका वेगळ्याच कारणासाठी ठाऊक आहे: सियाचीनवरच्या जवानांचा मैला पचवणारी टाकी, आणि त्याच कल्पनेतून आलेली रेल्वेच्या डब्याखालची टाकी. 'आपल्या ग्वाल्हेरच्या शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकाहून जिवाणू आणले, ते मैला खाऊन टाकतात,' हे वाक्य इथे अभिमानाने सांगितले जाते.

अभिमान रास्त आहे. वाक्य मात्र उथळ आहे, आणि त्याच्या उथळपणाची किंमत आपण मोजली आहे. त्यात जिवाणू औषधाच्या गोळीसारखा येतो: बाटलीत भरा, टाकीत ओता, काम झाले. जणू ताकद त्या जिवाणूच्या पोटात साठवलेली आहे आणि तो जाईल तिथे ती बरोबर नेतो. माझे म्हणणे याच्या उलट आहे. जिवाणूची क्षमता एकट्या जिवाणूत नसते. तो, त्याचे शेजारी, तापमान, पाणी, अन्न, वेळ आणि ती टाकी सांभाळणारा माणूस, या सगळ्यांच्या जुळणीत ती असते. जिवाणू ही वस्तू नाही, वस्ती आहे. हिमनदीतल्या शीतप्रेमी जिवाणूंइतके हे स्पष्टपणे क्वचितच कोणी दाखवून देते, म्हणून सुरुवात बर्फापासून.

१. बर्फ घट्ट नसते

हिमनदीकडे आपण गोठलेल्या निर्जीव वस्तुमानासारखे पाहतो आणि त्यात जिवाणू सापडले की 'तिथेही जीव टिकून आहे' असे म्हणतो. 'टिकून आहे' हा शब्दच चुकीच्या दिशेने नेतो. त्यातून असे वाटते की तो मुळात दुसरीकडचा, इथे अडकला आणि कसाबसा तग धरून बसला.

बर्फाची रचना पाहा. हिमनदीचे बर्फ हा एकसंध ठोकळा नसतो, ते स्फटिकांचे असते. पाणी गोठताना स्फटिक आपल्या जाळीत क्षार आणि आम्ले सामावून घेत नाही, बाहेर ढकलतो. ही ढकललेली द्रव्ये तीन-तीन स्फटिक जिथे भिडतात त्या कडांवर गोळा होतात. तिथले पाणी इतके खारट किंवा आम्लयुक्त असते की शून्याखालीही ते द्रव राहते. त्यामुळे घट्ट दिसणाऱ्या बर्फात पाण्याच्या शिरांचे एक जाळे असते. या शिरा काही मायक्रोमीटर जाडीच्या, केसापेक्षा कितीतरी बारीक. पण जिवाणू त्याहूनही लहान. या शिरा जिवाणूंचे घर असू शकतात हे २००० मध्ये ब्यूफर्ड प्राइस यांनी मांडले. ते भौतिकशास्त्रज्ञ. अंटार्क्टिकाच्या बर्फात खोल उपकरणे सोडून न्यूट्रिनो शोधणाऱ्या प्रकल्पात ते होते. बर्फाच्या पारदर्शकतेचा विचार करता करता ते त्यातल्या जिवांपर्यंत पोचले.

हिमनदीच्या पृष्ठभागावर तर याहून समृद्ध वस्ती असते. वाऱ्याने आलेली काळी धूळ ऊन शोषते, खालचे बर्फ वितळवते आणि विहिरीसारखा छोटा खड्डा तयार होतो. ग्रीनलंडवर १८७० मध्ये नॉर्डनशोल्ड यांनी त्या गाळाला क्रायोकोनाइट असे नाव दिले. त्या गाळात सूर्यप्रकाशावर जगणारे नीलहरित जिवाणू असतात, त्यांनी तयार केलेल्या अन्नावर इतर जिवाणू असतात आणि त्यांना खाणारे सूक्ष्म प्राणीही. तळाशी, बर्फ आणि खडक यांच्यामध्ये, तिसरी वस्ती. २०१३ मध्ये पश्चिम अंटार्क्टिकात सुमारे ८०० मीटर बर्फ भेदून व्हिलन्स या सरोवराचे पाणी काढले, तेव्हा एका मिलिलिटरमध्ये लाखाहून अधिक पेशी निघाल्या. तिथे ऊन पोचत नाही. ते जिवाणू खडकातली आणि गाळातली रसायने खाऊन जगतात.

२. सोसणे वेगळे, रमणे वेगळे

थंडीत आढळणारे सगळे जिवाणू शीतप्रेमी नसतात. १९७५ मध्ये मोरिता यांनी केलेली व्याख्या आजही वापरली जाते: खरा शीतप्रेमी जिवाणू शून्यावर किंवा त्याखाली वाढू शकतो, १५ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली त्याची वाढ सर्वांत चांगली होते आणि २० अंशांच्या वर ती थांबते. थंडीत वाढतो पण ऊबही चालते, तो शीतसहिष्णु. हा भेद लेखाच्या पुढच्या भागात कळीचा ठरणार आहे, म्हणून त्याचे कारण नीट समजून घेऊ.

जानेवारीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात खोबरेलाची बाटली दगड होते आणि शेजारच्या बाटलीतले मोहरीचे तेल वाहते राहते. खोबरेलातली मेदाम्ले बहुतांशी संपृक्त, सरळ साखळीची. ती काड्यांच्या मोळीसारखी घट्ट बसतात. मोहरीच्या तेलातल्या साखळ्यांना असंपृक्ततेमुळे बाक असतो. वाकड्या काड्यांची मोळी बांधता येत नाही. जिवाणूचे पेशीपटलही मेदाचेच असते. ते गोठले तर अन्न आत येत नाही, मळ बाहेर जात नाही. शीतप्रेमी जिवाणू आपल्या पटलात बाक असलेल्या साखळ्या वाढवतो आणि पटल वाहते ठेवतो. त्याची एन्झाइमेही तशीच: आतले बंध कमी, रचना सैल. थंडीत रेणूंना हालचालीसाठी ऊर्जा कमी मिळते, म्हणून सैल एन्झाइम उपयोगी पडते.

पण सैलपणाची दुसरी बाजू आहे. थंडीत जे पटल योग्य प्रमाणात वाहते, ते उन्हाळ्यात गळके होते. थंडीत जे एन्झाइम चपळ असते, ते उष्णतेत उलगडून निकामी होते. म्हणजे थंडीत जगण्याची आणि उष्णतेत मरण्याची कारणे एकच आहेत. जागेशी झालेली ही जुळणी आहे. सोबत नेता येईल असा गुण ती नव्हे.

३. घाई नसलेले जीवन

सायक्रोमोनास इंग्राहामी हा आर्क्टिकच्या समुद्री बर्फातला जिवाणू उणे १२ अंशांवरही वाढतो, पण एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दहा दिवस लागतात. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत हेच वीस मिनिटांत करतो. प्राइस आणि सॉवर्स यांनी २००४ मध्ये वेगवेगळ्या ठिकाणची मापे एकत्र करून दाखवले की जिवाणूंच्या चयापचयाचे तीन दर असतात: वाढीचा, देखभालीचा आणि निव्वळ जिवंत राहण्याचा. वाढीचा दर जगण्याच्या दराच्या साधारण दहा लाख पट. खोल बर्फातले अनेक जिवाणू या तिसऱ्या दरावर असतात. रोज थोडेफार बिघडणारे रेणू दुरुस्त करण्यापुरतेच त्यांचे काम चालते.

'थंडीतही काम करतो' आणि 'थंडीत झटपट काम करतो' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले खरे आहे. टाकी बांधणाऱ्याला गरज दुसऱ्याची असते.

४. सियाचीन ते बुंदेलखंड एक्स्प्रेस

सियाचीन ही सुमारे ७५ किलोमीटर लांबीची हिमनदी. १९८४ च्या एप्रिलमध्ये ऑपरेशन मेघदूत झाल्यापासून तिथे सैन्य कायम आहे. माणूस आला की मैला आला, आणि तिथे तो कुजत नाही. साचत जातो, बर्फात गाडला जातो आणि उन्हाळ्यात वितळणाऱ्या पाण्याबरोबर नुब्रा नदीकडे निघतो. प्रश्न खरा होता आणि ग्वाल्हेरने तो हाती घेतला ही मोठी गोष्ट. हवेशिवाय मैला पचवणाऱ्या जिवाणूंचे मिश्रण तयार करताना थंड प्रदेशांतले, त्यांत अंटार्क्टिकातले, नमुने वापरले गेले.

लोक जे सांगत नाहीत ते पुढे आहे. डीआरडीईने दोन प्रकारच्या टाक्या केल्या. साध्या हवामानासाठी एक, आणि हिमाच्छादित उंचीसाठी दुसरी, जिचे तापमान नियंत्रित ठेवावे लागते. म्हणजे उणे ४० अंशांत जिवाणू एकटा लढत नव्हता; त्याला ऊब देणारी टाकी, तिच्याभोवतीचे आवरण आणि ते चालू ठेवणारे जवान सोबत होते. प्रयोगशाळेला ही गोष्ट पुरती ठाऊक होती. 'जिवाणू म्हणजे सारे काही' हा समज बाहेर पसरला.

२०१० मध्ये रेल्वेशी करार झाला आणि जानेवारी २०११ मध्ये ग्वाल्हेर-वाराणसी बुंदेलखंड एक्स्प्रेस या टाक्यांसह पहिल्यांदा धावली. २०१९ पर्यंत ब्रॉडगेजच्या जवळजवळ सगळ्या डब्यांना त्या लागल्या. संख्या अडीच लाखांच्या घरात. दरम्यान, डिसेंबर २०१७ मध्ये संसदेत आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात सुमारे २५ हजार शौचालयांत वर्षभरात जवळपास दोन लाख दोष नोंदले होते, त्यांतले निम्म्याहून अधिक तुंबण्याचे. त्याच वर्षी आयआयटी मद्रासच्या तपासणीतून मैला अपेक्षेप्रमाणे पचत नसल्याचे समोर आले आणि त्यावर वादही झाला.

इथे लोक दोन तटांत विभागले. एक म्हणाला, जिवाणू बोगस. दुसरा म्हणाला, जिवाणू उत्तम, प्रवासी अडाणी. दोघांचेही गृहीत तेच: काम जिवाणूचे, आणि तो एकतर चांगला किंवा वाईट. मे महिन्यात ग्वाल्हेरचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि डब्याखालची स्टीलची टाकी त्याच उन्हात तापते. वीस अंशांवर वाढ थांबणारा खरा शीतप्रेमी तिथे काम करू शकत नाही, हे त्याच्या व्याख्येतच आहे. त्या टाकीत जे काही पचते ते शीतसहिष्णु किंवा ऊबप्रेमी जिवाणूंकडून. बऱ्याच अंशी माणसाच्या आतड्यातून रोज नव्याने येणाऱ्या आणि शेणातून मिळणाऱ्या जिवाणूंकडून. त्यात कमीपणा काही नाही. फक्त 'अंटार्क्टिका' हे नाव तिथे काही करत नसते.

५. एक वाटलेला जिवाणू दोन निघाला

माझ्या म्हणण्याचा मुख्य आधार आता सांगतो. मैला पचणे ही एक क्रिया नाही, साखळी आहे. पहिला गट मोठे रेणू तोडतो. दुसरा त्यांची आम्ले करतो. तिसरा त्या आम्लांपासून ॲसिटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड काढतो. चौथा त्यापासून मिथेन करतो. यातला तिसरा गट विलक्षण अडचणीत जगतो: त्याच्या क्रियेतून निघणारा हायड्रोजन साचला तर ती क्रिया ऊर्जेच्या हिशेबात परवडेनाशी होते आणि थांबते. चौथा गट तो हायड्रोजन सतत उचलत असेल तरच तिसऱ्याला जगता येते. आणि तिसऱ्याशिवाय चौथ्याला अन्न नाही.

विज्ञानालाही हे कळायला वेळ लागला. मेथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्कीआय हा अल्कोहोलपासून मिथेन करणारा एक जिवाणू म्हणून अनेक वर्षे प्रयोगशाळांत वाढवला गेला, त्यावर लेखन झाले, पाठ्यपुस्तकांत त्याला जागा मिळाली. १९६७ मध्ये ब्रायंट, वोलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की तो एक जिवाणू नव्हताच. दोन होते. एक हायड्रोजन काढत होता, दुसरा तो वापरत होता. वेगळे केल्यावर अल्कोहोलवर एकाचाही निभाव लागेना. ज्या गुणाला आपण 'त्या जिवाणूचा गुण' म्हणत होतो, तो दोघांमधल्या अंतरात होता.

हीच साखळी थंडीत घ्या. मिथेन करणारे सहसा आधी मंदावतात. आम्ल करणारे तितके मागे पडत नाहीत, आम्ल साचते, टाकी आंबते, आणि उदासीनच्या जवळपासच काम करणारे मिथेनवाले आणखी दबतात. थंड मिथेनवाले नसतात असे नाही: अंटार्क्टिकातल्या एका सरोवराच्या तळातून वर्णन केलेला मेथॅनोजेनियम फ्रिजिडम १५ अंशांवर सर्वांत चांगला वाढतो. पण तोही वीसच्या आत संपतो आणि हायड्रोजन देणारे शेजारी मिळाल्याशिवाय काहीच करत नाही. त्यात कोणी तीव्र ॲसिड किंवा फिनाइल ओतले, कोणी बाटली किंवा कापड टाकले आणि पाणी अडले, की साखळीचा एक दुवा निघाला.

आपल्या घरात हे ज्ञान नवे नाही. दुधाला विरजण लावणारी कुठलीही गृहिणी असे म्हणत नाही की दही विरजणाने झाले. दूध कोमट हवे, फार गरम नको. भांडे स्वच्छ हवे. थंडीत ते उबदार कपड्यात गुंडाळून ठेवायला हवे. मग न हलवता वेळ द्यायला हवा. ग्वाल्हेरच्या थंडीत विरजण चांगले असूनही दही लागत नाही आणि त्याचे खापर कोणी विरजणावर फोडत नाही. टाकीत घालतात त्या मिश्रणाला मराठीत विरजण हाच शब्द सर्वांत योग्य बसतो. तो शब्द वापरला असता तर पुढचे प्रश्न आपोआप विचारले गेले असते: दूध कसले, ऊब किती, भांडे कोण सांभाळणार?

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप: 'तत्त्वज्ञान राहू द्या, रूळ स्वच्छ झाले ना?' झाले, आणि त्याचे मोल मी कमी करत नाही. हाताने मैला उचलण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या व्याख्येत रेल्वेच्या रुळांचा उल्लेख आहे. तो उगाच आलेला नाही. फलाटाखाली उतरून लोकांचा मैला काढणाऱ्यांचे आयुष्य या टाक्यांमुळे बदलू शकते. म्हणूनच मी हा मुद्दा ताणतो. टाकी तुंबली की ती कोणीतरी उघडतो. 'जिवाणू सगळे खाऊन टाकतो' या समजुतीत त्या माणसाला जागाच उरत नाही. त्याला हातमोजे, यंत्र, प्रशिक्षण आणि वेतन देण्याचा खर्च हिशेबातून गळतो. त्याला वस्तीचा भाग मानले तर तो खर्च पहिल्या दिवशी लिहावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय आहे: 'जिवाणू झपाट्याने बदलतात, उष्णतेशी जुळवून घेतील.' वस्ती जुळवून घेते, हे खरे. पण कशी? थंडीचे जिवाणू मागे पडतात, उबेचे पुढे येतात, प्रमाण बदलते. टाकी सहा महिन्यांनी चालू असली तरी तिच्यात पहिले रहिवासी असतीलच असे नाही. हा आक्षेप माझ्याच बाजूने बोलतो.

तिसरा आक्षेप भीतीतून येतो: 'बर्फ वितळले की प्राचीन रोगजंतू बाहेर पडतील.' इथेही जिवाणूला एकटा, सोबत शक्ती घेऊन फिरणारा मानले आहे. ज्याची वाढ वीस अंशांवर थांबते तो ३७ अंशांच्या माणसाच्या शरीरात रोग करील ही शक्यता फार कमी. धोका वेगळ्या मंडळींचा असू शकतो: जे शीतप्रेमी नाहीत, बीजाणू होऊन फक्त थांबलेले आहेत. २०१६ मध्ये सायबेरियाच्या यामाल भागात अँथ्रॅक्सची साथ आली तेव्हा वितळलेल्या कायमगोठ जमिनीतल्या जुन्या बीजाणूंकडे बोट दाखवले गेले. ती सावधगिरी बाळगावी. पण यूकॉनच्या सुमारे ३० हजार वर्षे जुन्या गोठलेल्या मातीत प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके सापडली, हे २०११ मधले संशोधन मला अधिक महत्त्वाचे वाटते. औषधांच्या कितीतरी आधीपासून जिवाणू एकमेकांशी याच शस्त्रांनी वागत आले आहेत. ती जनुके एखाद्या राक्षसाची नाहीत, शेजारपणाची आहेत.

७. काय साठवता येते

हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातल्या, म्हणजे सीसीएमबीतल्या, एस. शिवाजी आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिका आणि हिमालयातल्या थंड जागांतून अनेक नवे जिवाणू वर्णिले. लाहौलच्या हामटा हिमनदीवरून डायाडोबॅक्टर हामटेन्सिस, पिंडारीवरून लाइफसोनिया पिंडारिएन्सिस, रूपकुंडाजवळून क्रायोबॅक्टेरियम रूपकुंडेन्से. पिंडारीच्या आणखी एकाला संस्थेच्या आद्याक्षरांवरून बॅसिलस सेसेम्बेन्सिस असे नाव मिळाले. गोव्यात वास्कोचे ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र स्पितीतल्या हिमांश ठाण्यावरून चंद्रा खोऱ्यातल्या हिमनद्या मोजते. पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, चंदिगडमध्ये तसेच संग्रहालय. तिथे असे जिवाणू खोल थंडीत जपून ठेवतात. हे काम मोलाचे आहे, आणि त्याला पैसे अधिक मिळायला हवेत असे मी बिनशर्त म्हणेन.

पण जी नावे वर आली ती बशीत एकट्याने वाढायला तयार झालेल्यांची. बर्फातले बहुसंख्य जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत, कारण त्यांना हवे असलेले शेजारी, उपासमार आणि वेळ आपण बशीत देऊ शकत नाही. आयसीआयएमओडी या पर्वतविषयक संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या २०११ ते २०२० या दशकात त्याआधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटल्या. वितळलेल्या पाण्यातून जिवाणू वाहत खाली जातात; मेलेच पाहिजेत असे नाही. पण स्फटिकांच्या कडांवरची शीर, तिच्यातला खारटपणा, हजारो वर्षांचा तो संथ दर आणि काळ्या गाळाच्या विहिरीतला खाणारा-खाऊ घालणारा व्यवहार, हे सगळे बर्फाबरोबर संपते. ग्वाल्हेरचे पाणी तिघऱ्याच्या धरणातून, पावसातून येते. त्यामुळे हिमनदी आपल्याला दूरची वाटते. ज्या प्रयोगशाळेचा आपण अभिमान बाळगतो तिच्या टाकीचे विरजण मात्र अशाच थंड जागांतून उचललेले होते. पुण्याच्या फ्रीजरमधून उद्या पिंडारीचा जिवाणू काढता येईल, आणि तो वाढेलही. पिंडारी काढता येणार नाही.